रानातला ससाणा परवान्यावर पकडणं: अमेरिकेत ते कसं चालतं आणि भारतात का नाही

प्रश्न असा आहे: अमेरिकेत फाल्कनरीचा, म्हणजे शिकारी पक्षी शिकवून त्याच्याकरवी शिकार करण्याचा, परवाना असलेल्या माणसाला रानातला बाज किंवा ससाणा कायदेशीररीत्या पकडता येतो हे खरं का? खरं असेल, तर त्याने पक्षी कमी कसे होत नाहीत? आणि असा परवाना भारतात का मिळत नाही?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. हो, पकडता येतो. वर्षाला जास्तीत जास्त दोन, आणि तेही परीक्षा, तपासणी आणि उमेदवारी यांतून गेलेल्या माणसालाच. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र बहुतेक लोक चुकीच्या जागी शोधतात. ‘दोनच पकडू देतात म्हणून पक्षी टिकून आहेत’ असं सर्रास सांगितलं जातं. या सगळ्या व्यवस्थेत ‘दोन’ या आकड्याला सर्वांत कमी वजन आहे. खरं काम तीन गोष्टी करतात: कोणत्या वयाचा पक्षी पकडायचा याचा नियम, रानातला पक्षी विकण्यावरची पूर्ण बंदी, आणि एकेका पक्ष्याची नोंद. यातली एक जरी काढली तरी कोटा कितीही लहान ठेवा, व्यवस्था कोसळते. आखाती देशांसाठी होणाऱ्या पकडीत नेमकं हेच घडलं. त्याकडे पुढे येतोच.

आधी कायद्याची चौकट. अमेरिकेतला स्थलांतरी पक्ष्यांचा कायदा १९१८ सालचा आहे, पण शिकारी पक्षी त्याच्या संरक्षणाखाली आले १९७२ मध्ये, मेक्सिकोबरोबरच्या करारात दुरुस्ती झाल्यावर. तोवर कोंबड्या उचलतो म्हणून बाजाला गोळी घालणं अनेक ठिकाणी पुण्यकर्म समजलं जाई. फाल्कनरीचे पहिले केंद्रीय नियम १९७६ मध्ये आले, २००८ मध्ये ते मुळापासून नव्याने लिहिले गेले, आणि १ जानेवारी २०१४ पासून केंद्राचा वेगळा परवाना संपून राज्याचा एकच परवाना उरला. केंद्राचे नियम म्हणजे किमान अट. राज्याला त्याहून कडक होता येतं, सैल होता येत नाही. म्हणून ‘अमेरिकेत चालतं’ हे वाक्य नेहमी अर्धवट असतं. टेक्ससमध्ये जे चालतं ते न्यू जर्सीत चालेलच असं नाही, आणि हवाईमध्ये तर फाल्कनरीच चालत नाही.

परवान्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली उमेदवाराची. वय किमान १२ वर्षं, लेखी परीक्षेत ८० टक्के गुण, आणि स्पॉन्सर म्हणून एक अनुभवी बाजदार, म्हणजे फाल्कनरी करणारा. हा स्पॉन्सर किमान १८ वर्षांचा आणि जनरल या दुसऱ्या पायरीवर निदान दोन वर्षं काढलेला हवा. परवाना हातात येण्याआधी पक्षीघराची तपासणी होते: वारा-पाऊस अडतो का, रॅकून किंवा घुबड आत शिरू शकतं का, बसायला योग्य दांडी, अंघोळीचं भांडं आणि ग्रॅममध्ये वजन दाखवणारा काटा आहे का. उमेदवाराला एका वेळी एकच पक्षी ठेवता येतो. घरट्यातलं पिल्लू त्याला उचलता येत नाही, आणि बहिरी ससाणा, स्वेन्सन्स हॉक, गरुड, आखूड कानांचं घुबड अशा काही जाती त्याला बंद आहेत. वर्षात किमान चार महिने पक्षी सांभाळून, शिकवून, त्याच्याबरोबर शिकार करून अशी दोन वर्षं गेली की जनरल. तिथे वय किमान १६ आणि पक्षी तीनपर्यंत. जनरल म्हणून पाच वर्षं काढली की मास्टर, रानातून आलेले पाच पक्षी ठेवण्याची मुभा असलेला.

हे वाचून ही निव्वळ कागदी उतरंड वाटेल. पण उमेदवारीच्या अटीमागे एक व्यावहारिक कारण आहे. नवख्याच्या हातून पक्षी मरतो तो बहुधा पहिल्या सहा आठवड्यांत, आणि बहुतेकदा वजनाच्या चुकीने. शिकारीसाठी पक्ष्याची भूक जागी ठेवावी लागते, म्हणून त्याचं वजन थोडं उतरवतात. बाराशे ग्रॅमची रेडटेल (लाल शेपटीचा अमेरिकन बाज) मादी अकराशेला झकास काम करू शकते. हजाराच्या खाली, त्यातही कडक थंडीत, तीच मादी एका रात्रीत खलास होऊ शकते. एकशेदहा ग्रॅमच्या केस्ट्रल या छोट्या ससाण्याच्या बाबतीत तर पाच-सात ग्रॅमची चूक पुरते. म्हणूनच ‘लहान पक्षी नवशिक्याला सोपा’ हा समज उलटा आहे. छातीचं हाड बोटाने चाचपून त्यावर मांस किती आहे हे ओळखणं पुस्तकातून येत नाही. ते दाखवायला बाजूला कुणीतरी लागतं, म्हणून स्पॉन्सर.

आता वयाकडे, कारण सगळ्या नियमांचा कणा तो आहे. रानातून फक्त एक वर्षाच्या आतला पक्षी घेता येतो. अपवाद दोन: अमेरिकन केस्ट्रल आणि ग्रेट हॉर्न्ड घुबड. याचं गणित असं. मध्यम आणि मोठ्या शिकारी पक्ष्यांच्या बहुतेक जातींत घरट्यातून उडालेल्या शंभर पिल्लांपैकी निम्मी किंवा त्याहून जास्त वर्ष पुरं करत नाहीत. उपासमार हे मोठं कारण. शिवाय गाड्यांची धडक, विजेच्या तारा, खिडक्यांच्या काचा आणि रात्री येणारं मोठं घुबड. शिकार करता येणं हे जन्मजात असतं, पण पोटापुरती शिकार करता येणं शिकावं लागतं, आणि ते शिकण्याआधी हिवाळा येतो. उलट, हद्द मिळवून जोडी जमवलेला प्रौढ पक्षी वर्षभर जगण्याची शक्यता फार मोठी. म्हणजे ऑक्टोबरमध्ये पहिल्या वर्षातली दहा पिल्लं पकडली, तर त्यातली चार-पाच मार्चपर्यंत तशीही उरली नसती. दहा प्रौढ माद्या पकडल्या, तर पुढच्या कित्येक वर्षांची घरटीच उचलून नेली.

दुसरा आधार म्हणजे बिनघरट्याचे प्रौढ पक्षी. सुदृढ संख्येत असे बरेच पक्षी हद्द रिकामी होण्याची वाट बघत फिरत असतात, आणि जोडीतला एक गेला की जागा भरून निघते. हा राखीव साठा आटत असेल तर घरट्यांची मोजणी बरीच वर्षं स्थिर दिसत राहते आणि मग एकदम घसरते. म्हणून नुसती घरटी मोजून कोटा ठरवणं धोक्याचं असतं. ब्रायन मिल्सॅप आणि जॉर्ज ॲलन या संशोधकांनी २००६ मध्ये या विषयाचं गणित मांडलं. माहिती चांगली असलेल्या जातींसाठी वर्षाला तयार होणाऱ्या पिल्लांच्या ५ टक्क्यांपर्यंतच पकड ठेवावी, आणि माहिती अपुरी असेल तिथे १ टक्का, असा त्यांचा सावध सल्ला होता. २००८ चे नियम याच विचारावर उभे आहेत. अमेरिकेत बाजदार आहेतच चार-पाच हजारांच्या घरात. त्यातले सगळे दरवर्षी पक्षी पकडत नाहीत, आणि पकडतात ते बहुतेक रेडटेलच. रेडटेल तिथल्या हमरस्त्यांवर दर काही मैलांना खांबावर बसलेला असतो.

वयाचा नियम लिहिणं सोपं, पाळणं हातातल्या पक्ष्यावर अवलंबून. रेडटेलच्या बाबतीत संशयाला जागा नाही: प्रौढाची शेपटी विटकरी लाल, पहिल्या वर्षातल्याची तपकिरी आणि बारीक आडव्या पट्ट्यांची, डोळा फिकट पिवळा. बहिरी ससाण्याचं पिल्लू वरून तपकिरी आणि छातीवर उभ्या रेघा. प्रौढ वरून निळसर राखाडी आणि पोटावर आडव्या पट्ट्या. चोचीच्या मुळाजवळची त्वचा आणि डोळ्याभोवतीचं कडं पिल्लात निळसर, प्रौढात पिवळं. गॉसहॉक या रानबाजाचं पिल्लू तपकिरी, उभ्या रेघांचं आणि पिवळ्या डोळ्याचं. प्रौढाचा डोळा नारिंगीकडून लालकडे जातो. केस्ट्रलचं वय मात्र नीट ओळखणं कठीण, त्यातही मादीचं. म्हणून खांबावर बसलेला पक्षी दुर्बिणीतून बघून वय ठरल्याशिवाय सापळा गाडीबाहेर काढूच नये. प्रौढ पक्षी सापळ्यात आल्यावर ‘सोडून देऊ’ म्हणणाऱ्याने त्याची दहा मिनिटं, थोडी पिसं आणि कदाचित एक बोट आधीच वाया घालवलेलं असतं.

सापळ्यांत सर्वांत जास्त वापरला जातो तो बाल-छत्री, आणि तो मूळचा आपल्याकडच्या पारध्यांचा. हिंदुस्थानी फासेपारध्यांनी घोड्याच्या केसांचे फास लावलेली जी टोपली वापरली, तिचंच तारेच्या जाळीचं आणि नायलॉनचं रूप आज अमेरिकेत घराघरांत बनतं. रेडटेलसाठी साधारण २५ ते ३० सेंटिमीटर रुंदीचा, अर्ध्या इंची जाळीचा, घुमटाकार किंवा चौकोनी पिंजरा. आत जिवंत उंदीर किंवा जर्बिल, वर सगळीकडे उभे फास. रेडटेलला २० ते ३० पौंड ताण सोसणारा मोनोफिलामेंट (एकेरी नायलॉन धागा), फासाचा व्यास पाच-सहा सेंटिमीटर. केस्ट्रलला ८ ते १० पौंडी आणि चारेक सेंटिमीटर. फासांमध्ये तीन-चार सेंटिमीटरपेक्षा जास्त मोकळी जागा राहिली की पक्षी तिथेच पाय टाकतो, हे गृहीत धरावं. एकूण वजन पक्ष्याहून जास्त हवं. त्याला सापळा फरफटत नेता आला तर चालतं, उचलून नेता येता कामा नये. फास अडकलेला पक्षी सापळ्यासकट झाडावर गेला की तो तिथे उलटा लटकून मरतो. म्हणून जड दोरी आणि ओढवजन, म्हणजे उडताना पक्ष्याला खाली ओढणारं वजन, हे दोन्ही लावतात.

चालत्या गाडीतून, पक्ष्याच्या विरुद्ध बाजूच्या दाराने, सापळा हळूच खाली ठेवायचा आणि शंभर-दीडशे मीटर पुढे जाऊन थांबायचं. नजर क्षणभरही हटवायची नाही. पक्षी उतरला, नाचला, आणि उडायचा प्रयत्न करून खाली पडला की एका मिनिटाच्या आत हात त्याच्यावर हवा. उशीर झाला तर फास बोटात रुततो, आणि रक्तपुरवठा तुटलेलं बोट दोन आठवड्यांनी गळून पडतं. नेहमी घडणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत: रस्त्याच्या इतक्या कडेला ठेवलेला सापळा की पक्षी गाडीखाली जातो, उन्हात तडफडून मेलेला उंदीर, गेल्या वेळी चपटे झालेले फास पुन्हा उभे न करणं, आणि एका सापळ्यावर लक्ष असताना दुसरा दोन मैलांवर ठेवणं. ही शेवटची चूक सर्वांत वाईट.

उंच दांडीवर न बसणाऱ्या, उडत्या पक्ष्यावर झेपावणाऱ्या जातींना बाल-छत्री निरुपयोगी. त्यांना दो-गाझा, म्हणजे दोन काठ्यांमध्ये सैल टांगलेलं, धक्का बसताच सुटणारं बारीक जाळं, किंवा जमिनीवरचं कमानी जाळं. किनाऱ्यावर बहिरी ससाण्यासाठी चामड्याच्या जाकिटावर फास लावलेलं कबूतर वापरतात. जाकीट कबुतराचा जीव वाचवण्यासाठीही असतं.

पकडण्याचा काळही महत्त्वाचा. बहुतेक राज्यांत हंगाम ठरलेला असतो. तसा तो नसला तरी जाणकार रेडटेल सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर या काळातच घेतात. त्याआधीचं पिल्लू अजून आईबापांच्या आधारावर असतं आणि हातात रडत बसतं. डिसेंबर उलटल्यावर मिळालेला पक्षी पुष्कळदा उपाशी, जंतांनी भरलेला असतो. पक्षी हातात आला की पहिली दहा मिनिटं तपासणीची: वजन, छातीचं हाड, तोंडात पिवळट पांढरे चिकट चट्टे आहेत का, पायांच्या तळव्यांवर सूज, पिसांतल्या उवा आणि चपट्या माश्या. तोंडातले चट्टे म्हणजे ट्रायकोमोनास या परजीवीचा रोग. तो बहुधा कबुतर खाऊन येतो, औषधाने बरा होतो, पण न दिसल्यास पक्षी गिळणं सोडतो. ताणाखाली आलेल्या रेडटेल आणि गॉसहॉकला फुप्फुसांतली बुरशी, ॲस्परजिलोसिस, गाठते. तिचं पहिलं चिन्ह आवाज बदलणं हे असतं आणि ते दिसेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो. २०२२ पासून बर्ड फ्लूची एच५एन१ साथ आल्यावर आणखी एक पथ्य आलं आहे: बदक-हंसांचं कच्चं मांस पक्ष्याला घालू नये.

घरट्यातलं पिल्लू घ्यायचं असेल तर तो अधिकार जनरल आणि मास्टरला, आणि घरट्यात किमान एक पिल्लू मागे ठेवावंच लागतं. हा नियम चांगला आहे, पण अपुरा. माहीत असलेल्या, पोचायला सोप्या कड्यावर दरवर्षी वेगवेगळे लोक जातात, प्रत्येक जण नियमाने एक पिल्लू सोडतो, आणि त्या एका कड्यावरून कित्येक वर्षं एकच पिल्लू उडतं. शिवाय पिल्लू निवडताना मोठी, म्हणजे मादी, निवडली जाते. राज्याने घरट्यांची ठिकाणं गुप्त ठेवणं आणि पकड विखुरलेली ठेवणं हाच यावर उपाय.

पक्षी घेतल्यावर दहा दिवसांच्या आत केंद्राच्या ३-१८६ए या नमुन्यात, आता ऑनलाइन, नोंद करावी लागते: जात, वय, लिंग, तारीख, ठिकाण. गॉसहॉक, हॅरिस हॉक, बहिरी ससाणा आणि जिरफाल्कन रानातून घेतल्यास पायात पुन्हा न वापरता येणारं क्रमांकाचं कडं सक्तीचं. पकडलेल्या पक्ष्याच्या पायात आधीच काही असेल तर काय, यावर बरेच जण गोंधळतात. पक्षी-वलयांकनाचं, म्हणजे अभ्यासासाठी रानातल्या पक्ष्यांच्या पायात घालतात ते, साधं ॲल्युमिनियमचं कडं असेल तर क्रमांक कळवावा. पक्षी ठेवता येतो, पण बहिरी ससाणा असेल आणि पायात संशोधनाचं कडं असेल तर लगेच सोडायचा. सांधा नसलेलं कडं, चामड्याचे पट्टे किंवा ट्रान्समीटर असेल तर तो कुणाचा तरी सुटलेला पक्षी आहे. तो पकडून पाच कामाच्या दिवसांत राज्याच्या खात्याला कळवायचं. तो तुमच्या दोनांत धरला जात नाही.

आणि विक्री. रानातून आलेला पक्षी आयुष्यभर ‘रानातला’ राहतो. तो विकता येत नाही, विकत घेता येत नाही, कशाच्या बदल्यात देता येत नाही. परवानाधारकाला फुकट देता येतो, आणि त्याच वर्षी दिला तर पकडणाऱ्याच्याच कोट्यात मोजला जातो. बंदिवासात जन्मलेला, पायात बिनसांध्याचं कडं असलेला पक्षी मात्र बाजारात विकता येतो. या एका फरकाने सगळं चित्र बदलतं. रानातल्या पक्ष्याला किंमतच नसेल तर तो पकडायला येणारा माणूस स्वतःसाठी एक घेऊन घरी जातो. त्याला तिसरा पकडून काय करायचं?

शिवाय हा पक्षी बऱ्याचदा परत जातो. एक-दोन हंगाम झाल्यावर रेडटेल सोडून देण्याची प्रथा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये काही दिवस पोटभर खाऊ घालून वजन वर न्यायचं, पट्टे, घुंगरू, ट्रान्समीटर काढायचे, कडं असेल तर तेही, आणि पकडला होता त्याच परिसरात सोडून नोंद करायची. घरट्यातून उचलून माणसात वाढवलेलं पिल्लू असं सोडू नये. ते माणसाला आपलं समजून अंगणात ओरडत येतं आणि अखेर कुणाच्या तरी बंदुकीपुढे जातं.

बहिरी ससाण्याचं उदाहरण थोडं सविस्तर बघण्यासारखं आहे, कारण कोट्याला अर्थ कधी येतो हे त्यात दिसतं. डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचं पातळ होऊन अमेरिकेच्या पूर्व भागातून घरटी करणारा बहिरी ससाणा नाहीसा झाला. १९७० मध्ये तो संकटग्रस्त यादीत गेला, १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली. कॉर्नेल विद्यापीठातले टॉम केड यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या पेरेग्रिन फंडने बाजदारांकडचे पक्षी आणि त्यांचं कसब वापरून बंदिवासात पैदास केली आणि हजारो पिल्लं सोडली. २५ ऑगस्ट १९९९ ला तो यादीतून बाहेर आला. यादीतून बाहेर आला म्हणजे पकड सुरू झाली असं मात्र नव्हे. आधी फक्त पश्चिमेकडच्या राज्यांत घरट्यातली पिल्लं मर्यादित संख्येने घेऊ दिली. स्थलांतरातला पक्षी पकडायला परवानगी मिळाली २००९ मध्ये, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षांनी: १०० अंश पश्चिम रेखांशाच्या पूर्वेला, २० सप्टेंबर ते २० ऑक्टोबर, पहिल्या वर्षाचेच, आणि अख्ख्या विभागात मिळून ३६.

ही तारीख अशी का, हे समजलं की नियम करणाऱ्याची नजर कळते. त्या महिनाभरात अटलांटिक आणि मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्याने जे ससाणे खाली जातात ते मुख्यतः टुंड्रातले, उत्तर कॅनडा आणि ग्रीनलंडकडचे. तिथली संख्या मोठी आणि निकोप. पूर्व अमेरिकेत नव्याने रुजू लागलेले स्थानिक पक्षी त्यात चुकून येऊ नयेत म्हणून रेखांश, तारीख आणि वय अशी तिहेरी चाळणी लावली. टेक्ससच्या पाद्रे बेटाच्या किनाऱ्यावर हे स्थलांतरी पक्षी दाटीने उतरतात. राज्यांच्या वाट्याला मोजके परवाने येत, त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या जात. पुढे गणती सुधारली आणि २०१७ मध्ये मर्यादा १४४ झाली. आकडा वाढला तो माहिती वाढल्यावर, कुणी मागणी केली म्हणून नाही. माझ्या मते नियमनाचं हे सर्वांत नेटकं उदाहरण.

आता उलट बाजू. अरबी आखातातली बाजदारी परंपरा खरी आणि जुनी आहे, पण तिथे रानातल्या सेकर ससाण्याला किंमत आहे, आणि मोठ्या मादीला तर भरमसाट. पकड मंगोलिया, मध्य आशिया, पाकिस्तान अशा भागांत, ग्राहक दुसऱ्या देशात, मध्ये दलालांची साखळी. पकडणाऱ्याला वयाची पर्वा नसते, कारण त्याला पैसे आकाराचे मिळतात. २०१२ मध्ये सेकरला जागतिक यादीत ‘संकटग्रस्त’ ठरवलं गेलं. विजेच्या तारांचा वाटाही त्यात मोठा आहे. मंगोलियात तर बिनआवरणाचे खांब सेकरसाठी खाटीकखाना ठरले. सगळं खापर बाजदारांवर फोडणं बरोबर नाही. पण पकडीने या तोट्यावर कळस चढवला. या साखळीत आपल्या उपखंडातला लगर ससाणाही बळी गेला. पाकिस्तानात सेकर पकडण्यासाठी लगरचे डोळे अर्धवट शिवून, पायांत फास लावलेला पिसांचा गोळा बांधून त्याला उडवतात. मोठा ससाणा त्याची ‘शिकार’ हिसकावायला येतो आणि दोघं गुंतून खाली पडतात. अशा लगरला ‘बराक’ म्हणतात, आणि कामापुरता वापरून झाल्यावर त्याचं काय होतं याची चौकशी कुणी करत नाही.

संयुक्त अरब अमिरातीने २००२ पासून ससाण्यांना पासपोर्ट द्यायला सुरुवात केली, रानातल्या पक्ष्यांऐवजी पैदाशीचे पक्षी वापरण्यावर भर दिला, आणि अबू धाबीच्या पैशातून मंगोलियाच्या उघड्या गवताळ प्रदेशात सुमारे पाच हजार कृत्रिम घरटी उभी राहिली. पिंपासारखी खांबावरची घरटी, आणि सेकरने ती आनंदाने घेतली. हे काम चांगलं आहे. पण अमेरिकेत जे विक्रीबंदीने आपोआप होतं, ते इथे पासपोर्ट, चिप आणि सीमेवरच्या तपासणीने करावं लागतं, आणि तपासणी नेहमी एक पाऊल मागे असते.

‘मग सगळीकडे पैदाशीचेच पक्षी वापरा, रानाला हात कशाला?’ हा सरळ प्रश्न आहे. ब्रिटनचा कायदा जवळजवळ तेच म्हणतो. १९८१ च्या कायद्यात फाल्कनरीसाठी रानातला पक्षी घेण्याचा परवाना शक्य आहे, पण दुसरा समाधानकारक मार्ग नाही हे दाखवावं लागतं. पैदाशीचे पक्षी भरपूर मिळत असताना ते दाखवणं अवघड. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये बहिरी ससाण्याच्या पिल्लांसाठी काही मोजके परवाने दिले गेले, तेव्हा केवढा गदारोळ झाला. पण पैदाशीच्या बाजारालाही स्वतःचा रोग आहे. स्कॉटलंडच्या दक्षिणेत रानातल्या घरट्यांतली पिल्लं चोरून ‘आमच्याकडे जन्मली’ म्हणून विकली गेली. डीएनए चाचणीत त्यांचे आईबाप रानातले निघाले आणि २०२४ मध्ये शिक्षा झाली. म्हणजे बाजार असेल तर कडं आणि कागद यांच्या जोडीला रक्ताची चाचणीही लागते. शिवाय पैदाशीत संकर होतात, आणि जिरफाल्कन आणि सेकर यांचे संकर सुटून रानात मिसळणं हा वेगळाच धोका. म्हणूनच अमेरिकेत संकर मोकळा उडवताना त्याच्यावर किमान दोन ट्रान्समीटर लावण्याची सक्ती आहे.

तर भारत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दात मारणं तर आहेच, पण पकडणं, फास लावणं, सापळा लावणं आणि तसा नुसता प्रयत्न हेही आहे. अंडी काढणं, घरटं मोडणंही त्यातच. परवानगी शिक्षण, संशोधन, प्राणिसंग्रहालय अशा मोजक्या कारणांसाठी मिळू शकते. खेळ किंवा परंपरा हे कारण त्यात नाही. बहिरी ससाणा, शाहीन (त्याचाच भारतीय प्रकार), लगर हे पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहेत, आणि त्यांच्या शिकारीसाठी ३ ते ७ वर्षं कैद आणि दंड. २०२२ च्या दुरुस्तीने दंडाची किमान रक्कम २५ हजार झाली. घरात शिक्रा पाळणं हे ‘पोपट पाळण्यासारखं’ किरकोळ आहे असं कुणी सांगत असेल तर दोन्ही चुकीचं आहे. देशी पोपट पाळणंही गुन्हाच.

काही जण म्हणतात, आपल्याकडे संस्थानांच्या काळापर्यंत बाजदारी होती, भावनगरसारख्या ठिकाणी तर नावाजलेली. मग अमेरिकेसारखा नियंत्रित परवाना का नको? मला तो आज नकोच वाटतो. परंपरेबद्दल आदर आहे, पण वर सांगितलेल्या तीन खांबांपैकी आपल्याकडे एकही उभा नाही. लगर किंवा शाहीन वर्षाला किती पिल्लं देतो याची राज्यवार मोजणी नाही, मग ५ टक्के किंवा १ टक्का कशाचा? पकडलेल्या पक्ष्याचं वय, ठिकाण दहा दिवसांत नोंदवणारी आणि तपासणारी यंत्रणा नाही. आणि चोरबाजार मात्र तयार आहे. विक्रीबंदी कागदावर आधीपासून आहे, तरी शिक्रा आणि घुबडं पिंजऱ्यात विकायला येतात. अशा ठिकाणी परवाना दिला की पहिल्याच हंगामात चोरीच्या पक्ष्यांना कागद मिळतील. अमेरिकेचा नियम उचलायचा तर आधी पंधरा-वीस वर्षांची वलयांकनाची आणि घरट्यांची मोजणी उचलावी लागेल.

महाराष्ट्रात कुणाला पायात चामडी पट्टे किंवा दोरी असलेला बाज, शिक्रा किंवा ससाणा दिसला, अथवा कुणी विकायला आणला, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. विकत घेऊन ‘सोडवू’ नये. तो पैसा पुढच्या पिल्लाला जातो. पक्षी खाली पडलेला आणि पकडता येण्यासारखा असेल तर जाड टॉवेल टाकून, आधी दोन्ही पाय एकत्र धरावेत, कारण इजा चोचीने नाही, नख्यांनी होते. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, तळाशी जुनं कापड घालून, अंधारात ठेवावं. तारेच्या पिंजऱ्यात नको, पिसं मोडतात आणि मोडलेली पिसं झडून नवी येईपर्यंत तशीच राहतात. चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जातं. दूध-पोळी, भात असलं काही देऊ नये. वनविभागाचा किंवा पक्ष्यांचा जाणकार डॉक्टर येईपर्यंत काही तासांचा उपास चालतो. पट्टे घट्ट रुतलेले असले तरी स्वतः कापायला जाऊ नये, कारण त्याखालची जखम बघून, औषध तयार ठेवूनच ते काढावे लागतात. आणि ते पट्टे, दोरी, कडं जपून वनरक्षकाच्या हाती द्यावं. पक्षी कुणी पकडला याचा तेवढाच पुरावा असतो.